पंधराव्या फुटावरची निरगाठ

दोर तुटला तेव्हा ओली चादर झटकावी तसा आवाज झाला आणि बोट एकदम हलकी होऊन पुढे सरली. मागे वेकबोर्डवाला, म्हणजे बोटीमागे दोर धरून फळीवर घसरणारा म्हापशाचा पोरगा, पाण्यात पडला होता. त्याच्या हातात हँडल, आणि हँडलला साठ फूट दोर. टॉवरला, म्हणजे बोटीवरच्या ज्या उंच कमानीला दोर बांधतात तिला, उरलेला पंधरा फुटांचा तुकडा उलटा आला आणि मागच्या सीटवर नजर ठेवायला बसलेल्या आमच्या मदतनीस पोराच्या गालाला चाटून गेला. बोटभर लाल वळ उठला, चार दिवसांत गेला. डोळा तिथून दोन बोटांवर होता.

जानेवारीचा पहिला आठवडा. शापोरा नदी, शिवोली आणि मोरजीच्या मधला पट्टा, भरतीची वेळ, वारा नाही. बोट चालवत होतो मी. मूळचा वेंगुर्ल्याचा, गोव्यात बोटीवरचा हा माझा चौथा हंगाम. दोर कुठे तुटला हे बघण्याआधीच मला ठाऊक होते, कारण त्या जागी अकरा दिवसांपूर्वी गाठ मीच मारली होती आणि मीच सोडली होती.

गाठीचा दिवस

आधी दोर कसा होता ते सांगतो, नाहीतर पुढचा हिशोब कळणार नाही. एकूण लांबी 75 फूट, म्हणजे सुमारे 23 मीटर. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्र धाग्याचा, सोळा पदरी विणीचा, आतून पोकळ. ही दोन्ही प्लास्टिके पाण्यापेक्षा हलकी, म्हणून दोर तरंगतो आणि इंजिनाच्या पंख्यात जायची भीती कमी. नायलॉन पाण्यापेक्षा जड, तो बुडतो. मुख्य दोर 55 फुटांचा, त्याला पुढे पाच-पाच फुटांचे तीन तुकडे लुपात लूप घालून जोडलेले, आणि शेवटी पाच फुटांचा हँडलचा तुकडा. तिन्ही तुकडे काढले की दोर 60 फुटांवर येतो. त्याच्या खाली जायची सोयच बनवणाऱ्याने ठेवलेली नव्हती.

नाताळची गर्दी होती. कोल्हापूरचे एक कुटुंब आले होते. दहा वर्षांची मुलगी, पोहण्यात तरबेज, भीती म्हणून नाही. पण साठ फुटांवर तिला उठताच येईना. चार वेळा पाणी प्यायली. नवशिक्याला दोर आखूड लागतो याची कारणे दोन. एक म्हणजे आमच्या बोटीवर दोर टॉवरला, डोक्याच्याही वर बांधलेला असतो. दोर जितका आखूड तितकी ओढ वरच्या दिशेने, आणि हलक्या अंगाचे पोर पाण्यातून उचलले जाते. दुसरे कारण बोटीमागच्या लाटेचे. बोटीच्या दोन्ही अंगांनी उठणाऱ्या लाटा मागे जातील तशा एकमेकींपासून लांब होतात. जवळ असाल तर मधली पट्टी अरुंद, एका लाटेवरून दुसरीवर जायला अंतर थोडे. शिवाय शिकणाऱ्यासाठी बोट हळू चालवायची असते, आणि हळू बोटीची लाट लवकर विस्कटते. लांब दोरावरच्या माणसाला तिचा उरलासुरला फेसच मिळतो. सरावलेला माणूस ताशी 35 किलोमीटरच्या आसपास 70-75 फूट मागतो, कारण त्याला हवेत राहायला जागा हवी असते. त्या मुलीला फक्त उभे राहायचे होते.

मग मी केले ते काठावरचा कुणीही करील तेच. टॉवरकडून पंधरा फूट मोजले, तिथे दोर दुपदरी केला, साधी गाठ मारून लूप काढला आणि तो टॉवरच्या बोंडाला अडकवला. दोर 45 फुटांचा झाला. उरलेला पंधरा फुटांचा शेपटा गुंडाळून सीटखाली सरकवला. (तो दुपारी दोनदा सुटून पायात आला. तेव्हाच शहाणे व्हायला हवे होते.) मुलगी पुढच्याच खेपेला उठली, किनाऱ्यावर तिच्या आजीने टाळ्या वाजवल्या आणि सगळे खूश. मग तिचा भाऊ, मग तिचे वडील, ते नव्वद किलोचे. मग आणखी एक गट आला. गाठ तशीच राहिली. दिवसभरात सात जण त्या एका गाठीवर ओढले गेले.

संध्याकाळी ती गाठ सुपारीएवढी आणि सुपारीइतकीच कडक झाली होती. नखाने हलेना. मराठीत सुरगाठ आणि निरगाठ असे दोन सरळ शब्द आहेत. मारताना मी सुरगाठ समजत होतो, दिवसाअखेरीस हातात निरगाठ आली. अंधार पडत होता, बोट धुवायची होती. पक्कड घेतली, तिने दाबून गाठ जरा सैल केली, मग स्क्रूड्रायव्हर खुपसून पदर उचकटले. सुटली. त्या जागी दोर चपटा झालेला, थोडे केस उभे राहिलेले. ‘चालेल’ म्हणालो. हा शब्द मला अजून ऐकू येतो.

तुटलेली टोके

दुसऱ्या दिवशी दोन्ही टोके पडवीत वर्तमानपत्रावर पसरली आणि चष्मा लावून बसलो. सोळाच्या सोळा पदर एकाच तऱ्हेने तुटले असते तर काही कळले नसते. इथे तीन तऱ्हा दिसत होत्या.

चार पदरांची टोके सरळ, बोथट आणि मळकी. हे जानेवारीत तुटलेच नव्हते. हे डिसेंबरातच स्क्रूड्रायव्हरने आणि पकडीच्या दातांनी कापले गेले होते. कापल्यापासून अकरा दिवस गाळ-मीठ खाऊन ती टोके काळवंडली होती. पाच-सहा पदरांच्या टोकांजवळ धागे एकमेकांना चिकटून काचेसारखे चकचकीत झालेले, वाकवले तर कडकन मोडणारे. ही भाजल्याची खूण. गाठीवर झटका बसला की दोर दोरावर घासतो, आणि ते घर्षण सगळे एका नखाएवढ्या जागेत होते. पॉलिथिलीन 130 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पॉलिप्रॉपिलीन 160-165ला. वरून ओला असलेला दोर आतून भाजू शकतो हे मला त्या दिवशी पटले. सुंभ जळतो आणि पीळ राहतो. या दोराचा पीळच आधी वितळतो. बाकीचे पदर मात्र लांब, पिंजारलेले, ताजे पांढरे. ते त्या शेवटच्या झटक्याला तुटलेले, म्हणजे खरे काम शेवटपर्यंत तेच करत होते.

गाठ मारली की दोराची ताकद निम्म्यावर येते असे सगळे सांगतात, आणि ढोबळमानाने ते खरे आहे. गाठीत दोर तीव्र वळतो; वळणाच्या बाहेरचे धागे ताणले जातात, आतले सैल पडतात, आणि सगळा भार थोड्यांवर येतो. पण आमच्या प्रकरणाला तेवढे उत्तर पुरत नाही. परदेशातल्या जलक्रीडा उद्योगाचा संकेत आहे की एका माणसाची ट्यूब (बोटीमागे ओढायची हवेची गादी) ओढायचा दोर निदान 1500 पौंड, म्हणजे सुमारे 680 किलोचा ताण सोसणारा हवा. दोघांसाठी 2375 पौंड. आमचा दोर त्यातल्या खालच्या दर्जाचा धरला, तरी निम्म्याने 340 किलो उरतात. गाठीच्या दिवशी नव्वद किलोच्या माणसाला ओढून तो तुटला नाही, आणि तुटला तेव्हा त्यात गाठ नव्हतीच. गाठीने ताकद कमी होते ती गाठ असेपर्यंत. इथे गाठ सुटल्यावर जे उरले त्याने दोर तोडला.

म्हणून माझा निष्कर्ष असा: दोर बिघडला तो मुख्यतः गाठ सोडताना. घर्षणाने पाच-सहा पदर कमजोर झाले होते हे खरे, पण चार पदर मी स्वतः कापले. त्यावर अकरा दिवस तो भाग टॉवरच्या जवळ, उन्हात. पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही. खाडीचे पाणी सुकले की विणीत मिठाचे खडे राहतात, सोबत बारीक रेती. दोर ताणला-सैलावला की ते आतून कानस चालवतात. शेवटी म्हापशाचा तो पट्टीचा पोरगा लाटेवरून उडाला, हवेत दोर ढिला पडला, खाली येताना एकदम ताठ झाला. वेकबोर्डात दोरावर सगळ्यात मोठा भार येतो तो या ढिलाईनंतरच्या झटक्याला. सरळ ओढीत कदाचित आणखी महिनाभर गेला असता.

तांडेलमामा आणि वाम

शेजारी एक तांडेलमामा राहतात. तीस वर्षे मालिमच्या जेट्टीवरून ट्रॉलर नेले, आता गुडघे दुखतात म्हणून घरी. मी टोके बघत बसलेलो पाहून आले, तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, “ही गाठ कोणी मारलली? बायलमनशान?” मी गप्प. मग बायकोने आतून उत्तर दिले की बायलमनशा असल्या गाठी मारत नाहीत, त्यांना रोज सोडाव्या लागतात. मामा हसले. तिचे बरोबर होते.

मामांचा उपाय तयार होता: होडी खुंटाला बांधायची ती न सरकणारी गाठ, इंग्रजीत जिला बोलाइन म्हणतात. कितीही ताण येऊ द्या, ताण गेला की तिची मान मागे मोडायची, सुटते. काथ्यावर, सुतावर, नायलॉनवर त्यांनी ती आयुष्यभर मारली आहे, डोळे मिटून. माझ्या तुटक्या दोरावर त्यांनी मारून दाखवली. उत्तम बसली, उत्तम सुटली.

पण मालकाने तोवर नवीन दोर आणला होता. डायनिमाचा, म्हणजे पॉलिथिलीनच्याच अतिमजबूत धाग्याचा, बारीक, वरून पॉलियुरेथेनचा लेप, ताणला तरी जवळजवळ न वाढणारा. पट्टीच्या लोकांना तोच हवा असतो. मामांनी त्यावर तीच गाठ मारली, लूप माडाला घातला आणि आम्ही पाच जण रस्सीखेच करायला लागलो. पहिल्या ओढीला गाठीतून बाहेर असलेले टोक दोन बोटे आत गेले. दुसऱ्या ओढीला आणखी दोन. सहाव्या का सातव्या ओढीला गाठ उलगडून आम्ही पाचही जण वाळूत. मामांनी दोर बोटांत घोळवला आणि म्हणाले, “ह्यो दोर नाय रे, वाम आसा वाम!”

वाम म्हणजे सापासारखा लांब, निसरडा मासा. वामच आहे तो. डायनिमाचा धागा इतका गुळगुळीत की गाठीला धरायला काही सापडत नाही. काथ्यावरची गाठ टिकते ती काथ्याच्या खरबरीतपणावर. तीस वर्षांचा हात खोटा नव्हता. दोर वेगळा होता. डायनिमात गाठ राहिलीच तरी त्याची निम्म्याहून जास्त ताकद ती खाते, आणि लेप तिथे चिरतो तो वेगळाच. त्या दोराला मी ठरवूनच टाकले: त्यावर गाठ नाही, कसलीच नाही.

पेनाच्या नळीने

जुना दोर फेकायला माझे मन होईना. अर्धे कारण कंजुषी. अर्धे असे की मुलांसाठी आखूड दोर आम्हाला हवाच होता.

पोकळ विणीच्या दोराची एक गंमत आहे. तो लांबीच्या दिशेने ढकलून दाबला की फुगतो, ताणला की आवळतो. त्याच्या पोटात त्याचेच टोक घातले आणि ताण दिला, तर बाहेरची वीण आतल्या टोकाला सापासारखी आवळते. जितके ओढाल तितकी पकड घट्ट. गाठ नाही, तीव्र वळण नाही, ताकद बहुतेक सगळी शाबूत. मोठ्या बोटींवरचे लोक याला स्प्लायसिंग म्हणतात, त्यासाठी खास सुई मिळते. माझ्याकडे बॉलपेन होते. रिफील काढली, दोराच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ते नळीत दाबून बसवले, आणि नळी झाली सुई.

तुटलेल्या जागेपासून दोन्हीकडे दोन-दोन फूट कापून टाकले. डोळ्याला दिसणारे नुकसान अर्ध्या फुटाचे होते, पण बोटांनी दोर दाबत गेल्यावर दीड फुटापर्यंत तो चपटा आणि कडक लागत होता, म्हणून दोन. ही परीक्षा बोटांनीच करावी. उरले टॉवरकडचे 13 फूट आणि हँडलकडचे 38.

प्रत्येक कापलेल्या टोकाला लूप करायचा. तीन बोटे जाडीचा लूप सोडून टोक आधी मुख्य दोराच्या आरपार दोनदा काढले, म्हणजे ढिल्या दोरात ते मागे सरकणार नाही. मग दोर लांबीच्या दिशेने दाबत फुगवून नळी पोटात शिरवली आणि हातभर पुढे नेऊन बाहेर काढली. इथे घाई केली की नळी मध्येच एखादा पदर टोचून घेते. पहिला लूप मी तीनदा सोडला. बाहेर आलेले टोक सरळ कापायचे नाही. त्याचे पदर एकेक करून वेगवेगळ्या लांबीवर कापायचे, उंदराच्या शेपटीसारखे निमुळते, आणि मग बाहेरची वीण हाताने पुढे सारवत आणायची. टोक आत गडप होते. एकदम जाड संपणारे टोक आत राहिले तर त्या पायरीवरच दोर वाकतो आणि पुढचे तुटणे तिथे ठरलेले. शेवटी मानेपाशी जाड दोऱ्याचे चार-पाच टाके.

किती लांब आत घालायचे याला डायनिमासाठी रूढ हिशोब आहे: जाडीच्या 72 पट. सहा मिलिमीटरच्या दोराला 43 सेंटिमीटर, म्हणजे पुन्हा हातभरच. आमचा दोर त्याहून खरबरीत, त्याला कमी चालते, पण मी हातभर घातले. दोर मुलांसाठी आहे.

लूप आणि पोटात गेलेली लांबी वजा जाऊन 38चे 36 झाले, 13चे 11. तर आता हँडल धरून सगळ्यात आखूड 41 फूट. पाच फुटी तुकडे एकेक जोडत गेले की 46, 51, 56. आणि अकराचा तुकडाही लावला तर 67. पंचाहत्तराचा दोर आठ फूट गमावून बसला, पण मला डिसेंबरात हवे होते ते 45च्या आसपासचे माप त्यात आले. 41च्या खाली मी जात नाही. पंखा आणि धूर यांच्या तितक्या जवळ कुणाचे पोर नेणे मला जमत नाही, दोर कितीही छान असो.

जोडतानाही एक खोच आहे. दोन लूप एकमेकांत घालून ओढले की सांधा चौकोनी, दोन्हीकडून सारखा बसायला हवा. एक लूप सरळ राहून दुसराच त्याला फासासारखा आवळत असेल तर फासवाल्यावर अन्याय होतो. सोडून परत बसवायचा. चौकोनी सांधा सोडायला काही लागत नाही. दोन्ही लूप एकमेकांकडे ढकलले की उघडतो, सात माणसे ओढल्यानंतरही. बोटीवरच्या पेटीतून मी पक्कड काढली नाही, ती इंजिनासाठी लागते. पण पोराला सांगून ठेवले आहे की दोराजवळ पक्कड दिसली तर पगार कापीन.

लूप-तुकडे नसलेलाच दोर हाती आला आणि पाहुणे पाण्यात उभे असले तर? हे मला पुढे दोघा-तिघांनी विचारले. बोंडाला वेढे मारून आखूड करणारे बघितले आहेत. वेढे झटक्याला सरकतात, दोर धातूवर घासून भाजतो. दोराच्या तीन घड्या करून दोन्ही टोकांना आढी मारायची जुनी खलाशी युक्ती ताणात टिकते आणि ढिली पडली की उलगडते. वेकबोर्डचा दोर मिनिटाला दहा वेळा ढिला पडतो. मारायचीच तर दोराच्या मध्यावर मारायची डोंगर चढणाऱ्यांची ती फुलपाखरू-गाठ मारा, तिच्यात दोर सरळ रेषेत राहतो आणि ती आवळून दगड होत नाही. गाठीच्या पोटात चिंधीची वळकटी घातली की सोडायला आणखी सोपे. लाकडाची खुंटी घालू नका, ती सुटून उडाली तर गालावर थांबणार नाही. एका माणसाची खेप झाली की लगेच सोडा. आणि डायनिमा असेल तर पाहुण्यांना चहा पाजा, घरी जाऊन दुसरा दोर आणा. हँडल आखूड करायला दोर मनगटाला गुंडाळणाऱ्यांविषयी मी इथे लिहीत नाही.

वर्षाचे बाकीचे महिने

फेब्रुवारी ते मे तो दोर रोज वापरला. संध्याकाळी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून हलवायचा, मग सावलीत, ढिल्या वेटोळ्यात टांगायचा. दर रविवारी पोरगा एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने बोटांनी दाबत मध्यावर भेटायचो. एप्रिलमध्ये हँडलकडच्या एका लुपाच्या मानेचे टाके उसवलेले सापडले, ते घातले. बाकी काही नाही.

हे लिहितोय जुलैत. पावसाळ्यात आमचा धंदा बंद, आणि 1 जून ते 31 जुलै अशी एकसष्ट दिवस मासेमारीही बंद, त्यामुळे मामा रोज पडवीत येऊन बसतात. काल त्यांनाच दोर दाखवायला माळ्यावरून काढला, तर मधला एक पाच फुटी तुकडा लुपापासून वीतभर उंदराने कुरतडलेला. सरळ, बोथट, मळकी टोके. कापून नवा लूप केला की पाच फुटांचे दोन-सव्वादोन उरतील. पेनाची नळी मिळाली आहे, कात्रीला आज धार लावून आणली.